पुण्यात सरपण वाळवायचं आणि साठवायचं कसं

तांबट आळीतून हौसेने पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणला, किंवा मुळशीकडे घेतलेल्या जागेवर चूल बांधून घेतली, की पहिल्याच दिवशी बहुतेकांचे डोळे चुरचुरतात. घरभर धूर, भिंतीला काजळी, फुंकून फुंकून गाल दुखतात आणि पाणी मात्र कोमटच. मग बंबाला नावं ठेवली जातात, चुलीचं तोंड चुकलं म्हणून गवंड्याला फोन जातो. बंब आणि गवंडी दोघेही बहुधा निर्दोष असतात. लाकूड ओलं असतं. बाहेरून वाळल्यासारखं दिसतं, साल सुटायला आलेली असते, पण आत पाणी तसंच मुरलेलं.

ज्यांनी आजवर सिलिंडर आणि गिझर यांच्यावरच दिवस काढले आणि आता पहिल्यांदा सरपण घरात आणणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. हे पुण्यापुरतं आहे. कोकणात किंवा विदर्भात यातल्या बऱ्याच गोष्टी बदलतील, कारण लाकूड वाळवण्याचं सगळं गणित हवेवर चालतं.

ओलं म्हणजे किती ओलं

नुकत्या तोडलेल्या लाकडात कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असतं. शेवगा, पांगारा असल्या भुसभुशीत झाडांत तर लाकडापेक्षा पाणीच जास्त भरतं. जळणासाठी हे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली यायला हवं.

20 टक्केच का, ते एका हिशेबाने कळेल. समजा, लाकडात कोरड्या वजनाच्या 70 टक्के पाणी आहे. असं पाच किलो लाकूड जाळायला घेतलंत, तर त्यात सुमारे दोन लिटर पाणी असतं. ते पाणी आधी तापवून वाफ करून उडवावं लागतं आणि त्याला लागणारी उष्णता त्याच लाकडातून जाते. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात थंडीतल्या नळाच्या पाण्याच्या, पंधरा लिटरच्या दीड बादल्या आंघोळीजोग्या तापतात. म्हणजे पाच किलो ओल्या लाकडामागे तीन बादल्या गरम पाणी तुम्ही धुराड्यातून हवेत सोडता. त्यात जाळ थंड पडल्यामुळे लाकडातले वायू पूर्ण जळत नाहीत. तोच धूर, तीच काजळी आणि तेच बंबाच्या नळीला आतून चिकटणारं काळं डांबर.

वाळताना पाणी दोन टप्प्यांत जातं. लाकडाच्या नळ्यांमधलं मोकळं पाणी भराभर उडतं. साधारण 30 टक्क्यांवर आल्यावर राहतं ते पेशींच्या भिंतींत धरलेलं पाणी, आणि ते रेंगाळत जातं. याच दुसऱ्या टप्प्यात लाकूड आक्रसतं आणि टोकांना भेगा पडतात. नवख्या माणसाची फसगत इथेच होते. पहिल्या महिन्यात वजन झपाट्याने उतरतं, हाताला हलकं लागतं, आणि "वाळलं" असं वाटतं.

आधी कॅलेंडर बघा

पुण्यात वर्षाचे आठ महिने हवा कोरडी आणि चार महिने दमट. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20-25 टक्क्यांपर्यंत उतरते. त्या दिवसांत चिरलेलं लाकूड 8-10 टक्क्यांपर्यंतही वाळतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र छताखाली, एक थेंब न लागता ठेवलेलं लाकूडही 16-18 टक्क्यांच्या खाली जात नाही, कारण हवाच त्याला तेवढी ओल देते. मुळशी, ताम्हिणी, वेल्ह्याच्या बाजूला तर आणखी जास्त. तेव्हा जूनमध्ये ओलं लाकूड आणून "पावसाळाभर शेडमध्ये वाळेल" या भरवशावर राहू नये. ते वाळत नाही, त्याला बुरशी धरते.

उलट बाजूही समजून घ्या. मेपर्यंत नीट वाळवलेलं लाकूड पावसाळ्यात थोडी ओल परत पितं, पण छताखाली असेल तर 16-18 वर थांबतं आणि व्यवस्थित पेटतं. त्यामुळे श्रावणात सरपण हाताला जरा सर्द लागलं म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

म्हणून वेळापत्रक असं: दिवाळी ते संक्रांत लाकूड आणणं आणि फोडणं. संक्रांतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत वाळवणं. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, सगळं छताखाली. सुबाभळीसारखं मध्यम लाकूड बारीक फोडलं तर उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत तयार होतं. बाभळीच्या किंवा चिंचेच्या जाड ढलप्यांना पूर्ण कोरडा हंगाम द्यावा लागतो. न फोडलेला ओंडका एका उन्हाळ्यात वाळत नाही, मग तो कितीही तापलेल्या कातळावर ठेवा.

पहिली पायरी: लाकूड कुठून आणायचं

सोपा मार्ग वखारीचा. शहरात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट प्रसिद्ध आहे, पण तिथे मुख्यतः इमारती लाकडाचा धंदा. जळाऊ लाकडाच्या वखारी उपनगरांत आणि हायवेच्या गावांत विखुरलेल्या असतात. हॉटेलं, आचारी, बेकऱ्या लाकूड कुठून घेतात ते विचारलंत की पत्ता लागतो.

वखारीत लाकूड वजनावर मिळतं, आणि ओलं लाकूड वजनावर घेणं म्हणजे पाण्याचे पैसे देणं. वर म्हटलं तसं 70 टक्के ओलावा असलेलं 100 किलो लाकूड घरी वाळून 15 टक्क्यांवर आलं की 68 किलोच उरतं. तेव्हा भाव विचारताना "तोडून किती दिवस झाले" हेही विचारा, आणि एखादा ओंडका तिथेच चिरून दाखवायला सांगा. चिरल्यावर आतला भाग गार, ओलसर लागला तर भावात घासाघीस करायला कारण मिळतं. वखारवाल्याला राग येत नाही, त्याला ते माहीतच असतं. आणि ओलं लाकूड डिसेंबरात स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, वाळवायला पुढे अख्खा उन्हाळा आहे. मे महिन्यात मात्र ओलं फुकट मिळालं तरी जागा अडवेल.

स्वतःच्या आवारातलं झाड तोडायचं असेल तर परवानगी आधी. शहरी भागात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण परवानगी देतं. फांद्या छाटायच्या असल्या तरी उद्यान विभागाकडे अर्ज करावा. बंगल्याच्या कंपाउंडातलं झाड आपलंच आहे म्हणून कुऱ्हाड चालवता येत नाही. ग्रामीण भागातही ठरावीक जातींची झाडं विनापरवाना तोडता येत नाहीत. तालुक्याला वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि लाकूड टेम्पोतून आणणार असाल तर वाहतूक परवान्याचंही त्याच वेळी विचारा.

वेताळ टेकडी, तळजई, पर्वतीच्या मागचे डोंगर इथे फिरायला जाणाऱ्यांना गिरिपुष्पाच्या वाळक्या फांद्या पडलेल्या दिसतात आणि मोह होतो. ती वन विभागाची जागा आहे, काटकीही आणायची नाही.

वळवाच्या वादळात सोसायटीतलं झाड पडलं तर ते मात्र सोन्यासारखं. सोसायटीच्या बैठकीत ठराव करून वाटून घ्या, नाहीतर त्यावरून पुढचं वर्षभर कोण कोणाशी बोलत नाही असं होतं.

कोणतं लाकूड घ्यावं

बाभूळ पहिल्या नंबरची. जड, घट्ट, निखारा टिकतो, चुलीवरच्या भाकरीला आणि रटरटत ठेवायच्या मटणाला तिच्यासारखं लाकूड नाही. काटे आणि फोडायची मेहनत एवढंच तिचं दुखणं. ती ओली असतानाच फोडावी. वाळल्यावर कुऱ्हाड उडून येते.

सुबाभूळ नवशिक्यासाठी उत्तम. सरळ वाढते, सहज फाटते, लवकर वाळते. फक्त तिला कीड लवकर लागते आणि ढिगाखाली पिवळसर पीठ पडायला लागतं. वर्षभरात संपवून टाकावी. निलगिरी चांगली जळते, पण तिच्या रेषा पिळलेल्या असतात. वाळल्यावर ती फोडणं म्हणजे शिक्षा, म्हणून आणल्याबरोबर फोडा. आंबा मध्यम प्रतीचा, पेटतो लवकर, निखारा फार टिकत नाही. बंबाला चालतो. चिंच कसदार पण फोडायला महाकठीण, गाठाळ बुंधा असेल तर वखारीतच चिरून घ्या. गुलमोहर आणि रेन ट्री पुण्यात पावसाळ्याच्या तोंडावर पडतात म्हणून हाती येतात. गुलमोहराला वाळवी फार आवडते, तो जमिनीला टेकवून ठेवूच नका.

सावर, पांगारा, शेवगा वाळल्यावर कापसासारखे हलके होतात आणि भुर्रकन जळून जातात. ढीग मोठा दिसतो, उष्णता नाही. वड, पिंपळ, उंबर घरात जाळायला बहुतेक घरांत माणसं नाखूश असतात. लाकूड म्हणूनही ती चिकाची आणि हलकी झाडं, तेव्हा न घेतल्याने काही अडत नाही.

बांबूची गंमत वेगळी. दोन पेरांच्या मधली हवा कोंडून तापते आणि कांडं फटाक्यासारखं फुटतं, निखारे उडतात. बांबू जाळायचाच तर प्रत्येक पेर उभं चिरून घ्या. नारळाच्या करवंट्या मात्र कधीही टाकू नका, बंब पेटवायला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही.

काही गोष्टी सरपणात येऊच द्यायच्या नाहीत. कण्हेर विषारी आहे, तिचा धूरही नको, आणि शेकोटीवर कणीस भाजायला तिची काठी तर मुळीच नको. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो आणि धुरानेही त्रास होतो. शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यांत गेला तर दवाखान्यात धाव घ्यावी लागते. घराच्या नूतनीकरणातून निघालेलं प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेल्या फळ्या, रंग दिलेल्या जुन्या चौकटी यांत डिंक, रंग आणि रसायनं असतात. ते चुलीत नको आणि बंबातही नको. कंपन्यांतून निघणारी पॅलेट स्वस्तात मिळतात. त्यांवर शिक्का असतो, तो बघा. "एचटी" म्हणजे नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं, ते चालेल. "एमबी" असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या. शिक्काच नसेल तरी सोडून द्या.

दुसरी पायरी: कापणं आणि फोडणं

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच केला जातो.

झाडात पाणी मुळाकडून शेंड्याकडे ज्या वाटेने चढतं, वाळताना त्याच वाटेने ते सहज बाहेर पडतं. आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पटींनी जलद. साल तर जवळजवळ मेणकापडच. म्हणून लांबलचक, सालीसकट ठेवलेलं लाकूड वर्षानुवर्षं आतून ओलं राहतं. तुकडे आखूड करा म्हणजे पाण्याला टोक जवळ सापडेल, आणि उभे फोडा म्हणजे सालीचा कोट फाटेल.

लांबी किती, ते तुम्ही जाळणार कशात त्यावर. बंबाच्या मधल्या नळीत वरून तुकडे सोडायचे असतात, त्यासाठी वीतभर लांब आणि दोन बोटं जाड ढलप्या पुरेत. मोठा तुकडा नळीत अडकतो, हवा कोंडते आणि धूर मागे येतो. चुलीला हातभर लांब, तीन-चार बोटं जाड. शेकोटीला मनगटाएवढं जाडही चालतं. थोडा बारीक फाटा, म्हणजे करंगळीएवढ्या काटक्या, वेगळा ठेवा. पेटवताना तोच लागतो आणि तोच नेमका संपलेला असतो.

फोडायला गुडघ्याएवढ्या उंचीचा रुंद ओंडका ठोकळा म्हणून जमिनीत घट्ट बसवा. मातीवर ठेवून फोडलं तर कुऱ्हाड चुकून पायाकडे येते आणि धारही जाते. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, दोन्ही पाय फाकवून, आणि आजूबाजूला दहा फुटांत कोणी नको. पोरं आणि कुत्री तर आधी घरात घाला. घाव मधोमध न घालता कडेच्या बाजूने घालत आत या, म्हणजे ढलप्या सुटत जातात. टोकाला आधीच भेग दिसत असेल तर तिच्यावरच घाव घाला, लाकूड स्वतःच वाट दाखवतं. मोठ्या बुंध्याला लोखंडी पाचर आणि घण. गाठ असलेला तुकडा हट्टाने फोडत बसू नका, बाजूला ठेवा, होळीला जाईल.

आठवड्याला चार-दोन बंबांपुरतंच लागत असेल तर वखारीतून फोडूनच घ्या. मजुरी जास्त जाते, पण कंबर वाचते. चाळिशीनंतर कुऱ्हाड हातात घेणाऱ्यांनी हा पर्याय कमीपणाचा मानू नये.

तिसरी पायरी: रचणं

ढीग आणि रचाई यांत वाळण्याच्या दृष्टीने फार फरक आहे. टेम्पोने ओतलेला ढीग वरून तापतो आणि पोटात सडतो. अंगणात कुरडया घालताना जशा एकमेकींना न चिकटवता घालतात, तशीच मोकळीक इथे हवी. ऊन मदत करतं, पण मुख्य काम वारा करतो. ऊन नसलेल्या वाऱ्याच्या जागी लाकूड वाळतं. चार भिंतींच्या कोंदट चौकात भर उन्हातही ते रखडतं.

खाली विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक ठेवा, त्यांवर दोन समांतर लोखंडी पाइप किंवा जाड बांबू. जमिनीपासून निदान नऊ इंच, जमल्यास फूटभर उंच. खालून वारा खेळला पाहिजे आणि खाली काय बसलंय ते वाकून दिसलं पाहिजे. त्यावर ढलप्यांची एकेरी रांग, छातीच्या खालपर्यंत उंच, साधारण चार फूट. दोन्ही टोकांना ढलप्या एक थर उभा, एक थर आडवा अशा चौकडीने रचा, म्हणजे टेकू न लावता टोकं उभी राहतात. मधल्या ढलप्या ठासून बसवू नका. फटीतून उंदीर जाईल पण मागे लागलेलं मांजर जाणार नाही, एवढी फट ठेवावी, असं जुने लोक सांगतात आणि ते बरोबर आहे.

दिशा: रांग दक्षिणोत्तर घाला. पुण्यात हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येतो, उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून. दक्षिणोत्तर रांगेत ढलप्यांची कापलेली टोकं पूर्व-पश्चिम येतात, म्हणजे दोन्ही ऋतूंतला वारा टोकांतून आरपार जातो आणि सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊनही त्यांनाच लागतं. जागा तेवढी नसेल तर जशी बसेल तशी घाला, पण भिंतीला चिकटवू नका. वीतभर तरी अंतर हवं. घराच्या भिंतीपासून तर चांगलं लांब, निदान दहा फूट. गॅस सिलिंडर, विजेचा मीटर, गाडी यांच्या जवळ नको. आगीचं कारण आहेच, शिवाय वाळवीला सरपणातून घराच्या चौकटीकडे जायला पूल मिळता कामा नये.

रांगेच्या टोकाला खडूने महिना लिहून ठेवा. दोन वर्षांचं लाकूड एकत्र झालं की नवं-जुनं ओळखता येत नाही आणि हाताला जवळचं तेच आधी जळतं.

चौथी पायरी: झाकणं

मार्चपर्यंत झाकायची गरज नसते. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, तो संध्याकाळी अर्ध्या तासात सगळं भिजवून जातो. फक्त वरच्या थरावर पत्रा किंवा ताडपत्री टाका, बाजू उघड्या. वरून भिजलेलं लाकूड दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वाळतं, त्याची फार काळजी करू नका. खरं नुकसान होतं ते प्रेमाने चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळून दोरीने बांधल्यामुळे. आतली वाफ बाहेर जात नाही, रात्री ताडपत्रीला आतून दव धरतं आणि पुन्हा लाकडावर गळतं. महिन्याभराने उघडलं की पांढरी बुरशी आणि कुबट वास.

पावसाळ्यासाठी पडवी किंवा पत्र्याची शेड लागते. पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून शेडची पाठ तिकडे करा आणि त्या बाजूला बांबूचा तट्टा लावा. तट्ट्यातून झड अडते आणि हवा येत राहते, पत्र्याची बंद भिंत हवाही अडवते. पूर्वेची बाजू उघडी. पत्रा पुढे दीड-दोन फूट बाहेर काढा. शहरात वर्षाला 700-750 मिलिमीटर पाऊस पडतो, त्याला एवढं पुरतं. ताम्हिणीच्या बाजूला जागा असेल तर तिन्ही बाजूंना तट्टे हवेत, आणि जमिनीपासूनची उंची दीड फुटावर न्या, कारण तिथे पाणी खालून उडतं.

मे महिन्याच्या शेवटी लाकूड शेडमध्ये हलवताना दुपारी हलवा, तापलेलं असताना. एक एक ढलपी हातात येतेच, तेव्हा कीड लागलेली, ठिसूळ झालेली वेगळी काढा आणि ती आधी जाळा.

वाळलं का, ते कसं ओळखायचं

दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणटण वाजतात, ओल्या ठप्प. टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या भेगा, सहज सुटणारी साल, उडालेला रंग या खुणा आहेत, पण त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नये.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती वजनाची पद्धत. रचताना रांगेच्या मधल्या भागातून दोन-तीन ढलप्या निवडा, मार्करने त्यांच्यावर तारीख आणि वजन लिहा, स्वयंपाकघरातला काटा चालतो. दर रविवारी तोला आणि पुन्हा त्याच जागी ठेवा. उदाहरणार्थ, 940 ग्रॅमची ढलपी महिन्यात 780 वर येते, मग 700, मग 660. सलग दोन-तीन आठवडे वजन जवळजवळ तेच राहिलं की हवेकडून जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

नेमका टक्का हवा असेल तर ढलपीच्या मधोमधची एक चकती कापा, लगेच तोला, आणि घरच्या ओटीजीमध्ये 100-105 अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. चकती 180 ग्रॅमवरून 150 वर आली, तर 30 ग्रॅम पाणी गेलं. 30 भागिले 150, म्हणजे 20 टक्के. ओव्हनजवळ थांबा, लाकूड ठेवून बाजारात जाऊ नका.

दोन सुयांचा ओलावा-मापकही मिळतो. तो टोकाला किंवा सालीला लावला तर आकडा खोटा येतो. ढलपी तिथल्या तिथे फोडा आणि नव्या, आतल्या पृष्ठभागावर रेषेच्या दिशेने सुया टोचा. 30 च्या वरचे आकडे फक्त "अजून ओलं" एवढंच सांगतात.

साप, विंचू, वाळवी

सरपणाच्या ढिगात उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप. सिंहगडाच्या पायथ्याला, मुळशीला, अगदी पाषाण-बावधनच्या बंगल्यांतही नाग, घोणस, मण्यार निघतात. विंचू तर सालीखाली हटकून असतो. नियम साधे: लाकूड काढण्याआधी काठीने रांग खडखडवा. हात घालताना जाड हातमोजे. पायात चप्पल नको, बूट. संध्याकाळी उशिरा लाकूड काढायला जाऊ नका, दुपारीच दुसऱ्या दिवसाचं काढून ठेवा. लाकूड नेहमी वरून उचला, मधून ओढू नका. साप दिसला तर मागे सरा आणि सर्पमित्राला बोलवा. चावला तर मंत्र-तंत्र आणि दोरी बांधणं सोडून 108 ला फोन करा, माणसाला शांत बसवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

वाळवीसाठी पायाखालच्या विटांवर मातीच्या रेषा चढताना दिसल्या की त्या मोडा, आणि आठवड्याने पुन्हा बघा. साल सोलून टाकलीत तर निम्मी कीड घर नसल्याने येतच नाही. कीटकनाशक मात्र सरपणावर फवारू नका. ते शेवटी धुरातून तुमच्याच नाकात जाणार आहे.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

गच्चीवर सरपण रचायचा विचार सोडा. बाभळीची रचलेली रांग एका घनमीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते. आयएस 875 या भारतीय मानकात वापरातल्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार गृहीत धरला जातो. मीटरभर उंच रांग घातलीत तर तिप्पट होईल. बाल्कनीत भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये दहा-पंधरा किलो ठेवा, खाली दोन विटा, आणि ते संपलं की नवं आणा. तेवढं फार्महाउसवरच्या शेकोटीला किंवा दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पुरतं.

जाळताना

आधी बंबात पाणी भरा, मग जाळ. रिकाम्या बंबाला आच लागली तर सांधे सुटतात आणि दुरुस्तीला परत तांबट आळी गाठावी लागते. तळाच्या जाळीवर करवंटी आणि काटक्या, त्या धडधडल्या की बारीक ढलप्या, आणि शेवटी जाड. राखेचं दार थोडं उघडं ठेवा, हवा तिथूनच येते. पहिली दहा मिनिटं सोडली तर धूर जवळजवळ दिसता कामा नये. दिसत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा नळी भरली आहे.

शहरात उघड्यावर पालापाचोळा, कचरा जाळायला बंदी आहे आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडेही असतात, तेव्हा पेटवायला वाळकी पानं, प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या वापरू नका. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

राख लगेच कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पूर्ण दिवसभर राहू द्या, आत निखारा बराच वेळ धुमसत राहतो. मग चाळून भांड्यांना, किंवा कुंड्यांना मूठमूठभर. जास्त घातलीत तर माती अल्कधर्मी होते आणि गुलाब पिवळे पडतात.